ताईचं पथ्य

दि. ९ जानेवारी

चि. टिल्लूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही दोघं सुखरूप पोचलात हे कळलं. फोनवर मी बेंबीच्या देठापासून ओरडायचं आणि तू तिकडून पुन्हा पुन्हा काय काय म्हणून विचारायचं, हा तमाशा आता मला झेपत नाही. चष्म्याच्या काचा घासायच्या त्या चाकाने तुझे कान खाल्ले आहेत, तेव्हा पूर्वीसारखी पत्रंच लिहीन. पडल्या पडल्या लिहिते आहे. अक्षर तिरकं आलं तर हसू नकोस.

तपासणीचं चिमीने सांगितलं. रक्तगट जुळला, बाकीचं सगळं जुळलं आणि घोडं कुठे पेंड खातं तर तुझ्या लिव्हरवरच्या चरबीत! डॉक्टर म्हणाले, एवढी चरबी असलेल्या लिव्हरचा तुकडा घेता येत नाही, घेतला तर देणाराही धोक्यात आणि घेणारीही. तीन महिन्यांत उतरवा, तिकडेच स्कॅन करून पाठवा, मग बघू. मला कुणी विचारलं असतं तर तुझ्या पोटाकडे बघूनच सांगितलं असतं. नाव टिल्लू आणि घेर केवढा!

माझी गोष्ट तुला माहीत आहेच. माझं शरीरच माझ्या लिव्हरवर उठलंय आणि ते आतून वाळत चाललंय. बाबांनी बाटल्या रिचवून जे कमावलं ते मला एक थेंब न घेता मिळालं. चिमी द्यायला तयार होती, पण तिचा रक्तगट तिच्या वडिलांवर गेला. ते असते तर आज त्यांच्याशी भांडले असते. आता तू सोडून माझं कुणी नाही. हे मी रडून लिहीत नाही, जे आहे ते लिहिते.

तेव्हा नीट ऐक. मी निम्मं आयुष्य मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळलं आहे. काविळीची साथ आली की आजारी मुलींच्या खोलीत ताटं मीच पाठवायचे. तेल, तूप, लोणी, साय, अंडं, दाणे, सगळं बंद. मऊ भात, उकडलेला बटाटा, टोस्ट, मध, फळांचा रस आणि दर थोड्या वेळाने ग्लुकोजचं पाणी. एकही मुलगी दगावली नाही, उलट गाल भरून घरी गेल्या. तुला आजपासून हेच पथ्य. तुझ्या अंगात चरबी झालीय, तर ताटात चरबीचा ठिपकासुद्धा दिसता कामा नये. हे पत्र स्वयंपाकघरात लाव, म्हणजे तुझी बायकोही बघेल.

माझ्यासाठी एवढं कर. तुझ्यावर माझी माया आहे ती आहेच, ती लिहून कशाला दाखवू?

तुझी,
ताई


दि. १७ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फळीवर डब्याला टेकून उभं केलं आहे. चहा करताना तूच समोर उभी आहेस असं वाटतं आणि साय आपोआप बाजूला काढली जाते. आता तर चहात दूधच घालत नाही. साखर मात्र थोडी जास्त घालतो, ताकद राहायला हवी म्हणून.

तपासणीनंतर आहार सांगणारी एक बाई भेटली होती. तिने बरंच काही सांगितलं, मला निम्मं ऐकू आलं. ही शेजारी बसून मान डोलवत होती. घरी आल्यावर ती म्हणते की त्या बाईने नेमकं उलटं सांगितलं, रस आणि भात बंद आणि अंडं चालेल. मी म्हटलं, ताईने शेकडो मुली उठवून बसवल्या, ती बाई आत्ता कुठे कॉलेजातून बाहेर पडलेली. हिला राग आला. तिचा राग जेवणापर्यंत टिकतो, काळजी करू नकोस.

कामावर चाललंय. नवीन मालकाने काचा घासायचं नवं यंत्र आणलं आहे, ते आपलं आपण फिरतं आणि मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहतो. आधी निदान हात तरी दुखायचे. दुकानातले सगळे मला आता रसाची बाटली म्हणतात, कारण डब्याबरोबर मोठी बाटली असते. म्हणू देत.

ताई, बाबा गेले तेव्हा तू वसतिगृहातून झाकून आणलेलं ताट माझ्यासमोर ठेवायचीस आणि स्वतः तिथेच जेवले असं सांगायचीस. जेवलेली नसायचीस हे मला तेव्हाही कळायचं, पण भूक लागलेली असायची. आता तू म्हणशील ते खाईन. माझं अख्खं लिव्हर घेतलं तरी चालेल, पण डॉक्टर म्हणतात तुकडाच पुरतो, तो दोघांकडे परत वाढतो.

औषधं वेळेवर घे. चिमीला आशीर्वाद. तुझा हात डोक्यावर असाच राहो.

तुझा,
टिल्लू


दि. २ फेब्रुवारी

ती. वन्संस शि. सा. न. वि. वि.

मी सहसा तुम्हाला लिहीत नाही, कारण मी लिहिलेलं तुम्हाला खुपतं, हे मला इतक्या वर्षांत समजलं आहे. तरी लिहिते, राग मानू नये.

हॉस्पिटलातल्या आहारवाल्या बाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं होतं. त्या म्हणाल्या की लिव्हरवरची चरबी म्हणजे आपण खाल्लेलं तूप तिथे जाऊन बसलं असं नाही. साखर, मैदा, भात, रस हे बसून राहणाऱ्या माणसाने जास्त खाल्लं की लागेल तेवढं शरीर वापरतं आणि उरलेल्याची चरबी लिव्हर स्वतःच तयार करतं आणि स्वतःतच साठवतं. रसातली आणि मधातली साखर तर बरीचशी थेट त्याच्याच गळ्यात पडते. म्हणून गोड पूर्ण बंद, भात आणि पाव अगदी थोडा. भाज्या, डाळी, अंडी, दही, मूठभर दाणे खा आणि पायी फिरा. मी विचारलं की दारू न पिणाऱ्यालाही हे होतं का. त्या म्हणाल्या, आता अशीच माणसं जास्त येतात.

इकडे घरात सगळं त्याच्या उलट चाललं आहे. सकाळी मध, मग रस, मग टोस्ट, दुपारी भाताचा डोंगर, मध्ये ग्लुकोज, संध्याकाळी पुन्हा रस. तेलाचा थेंब नसल्यामुळे त्यांचं पोट भरतच नाही. दर थोड्या वेळाने पोटात कावळे ओरडतात आणि मग आणखी भात. मी अंडं उकडून पुढे ठेवलं तर फळीवरच्या तुमच्या पत्राकडे बोट दाखवतात. माझ्या हातचं ताट ते ढकलू शकतात, तुमच्या शब्दाचं नाही.

तुम्ही वाचावं म्हणूनच हे लिहिते. कृपा करून एकदा तिथल्या डॉक्टरांना विचारा आणि यांना तसं कळवा. चिमीला सांभाळून राहायला सांगा. गाड्या शिकवताना शिकणारे ब्रेक मारायच्या जागी डोळे मिटतात असं ती म्हणाली होती, तेव्हापासून मला तिचीच धास्ती वाटते.

आपल्या कृपेची वाट पाहणारी,
तुमची वहिनी


दि. १० फेब्रुवारी

सौ. वहिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मला काही खुपत नाही. माझ्या अंगात आता खुपण्याइतकी जागाच उरलेली नाही, हातापायांच्या काड्या आणि पोट पाण्याने तट्ट, असा माझा अवतार झाला आहे.

पण एक विचारते. तुझ्या त्या आहारवाल्या बाईने किती माणसांना स्वतःच्या हाताने जेवू घातलं आहे? खुर्चीवर बसून चरबी कमी करायला अंडी खा म्हणायचं आणि पुढच्याला आत बोलवायचं. मी ज्यांना वाढलं त्या मुली पिवळ्या पडून आल्या आणि गुलाबी होऊन गेल्या. लिव्हर तेच ना? का मुलींचं शहाणं आणि तुझ्या नवऱ्याचं वेडं? साखरेची चरबी होते म्हणे! मग उद्या पाण्याचं लोणी होतं असंही म्हणतील.

डॉक्टरांना विचारायचं म्हणतेस, तर त्यांच्यासमोर मी पाच मिनिटं असते आणि त्यात ते माझ्या पोटातल्या पाण्याबद्दलच बोलतात. त्या वेळात भाऊ काय खातो हे सांगत बसू? आणि खरं सांगू, तुझ्या पत्रामागे काय आहे ते न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही. नवऱ्याचं पोट चिरलं जाणार, त्याची तुला भीती वाटते. वाटणारच. मीही बायको होते. पण भीतीला अंड्याचं नाव देऊ नकोस.

तो माझं ऐकतो याचं तुला दुःख आहे. त्याला मी वाढवलं आहे, तुला तो तयार मिळाला. पथ्य आहे तसंच चालू ठेवायचं. त्यात तुझा हातभार लागला तर मी विसरणार नाही.

तुझं भलं होवो.

ताई


दि. १५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तब्येत कशी आहे? चिमीने कळवलं की तुला मध्ये दोन-तीन दिवस माणसं ओळखू येत नव्हती आणि तू तिला वसतिगृहातली मुलगी समजून डबे मोजायला लावलेस. ती हसत हसत सांगत होती, पण तिचं हसू मला काही बरं वाटलं नाही.

माझं पथ्य डोळ्यांत तेल घालून चालू आहे. तेल तेवढंच, डोळ्यांतलं. इथे हसशील म्हणून लिहिलं. जिभेला चव राहिली नाही. भात, बटाटा, टोस्ट, सगळं एकच लागतं. दुपारी जेवलो की अशी गुंगी येते की यंत्रासमोर मान पडते. परवा एका गिऱ्हाइकाची काच फुकट गेली. मालक माझ्या बाटलीकडे बघून गेला. भूक लागते म्हणून तू लिहिलंस तसं मधल्या वेळी आणखी एक पेला रस वाढवला आहे. पॅन्ट मात्र सैल होत नाही. होईल.

ही हल्ली बोलत नाही. ताट वाढते, त्याच्याकडे बघते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते. तिला मी समजावलं की आता थोडेच दिवस उरले आहेत. पुढच्या महिन्यात स्कॅन आहे. ताई, रिपोर्ट आला की मी लगेच रजा टाकतो आणि तिकडे येतो. मालकाला सांगून ठेवलं आहे. बॅगेत दोन शर्ट भरूनही ठेवले आहेत.

तू फक्त तोवर तग धर. तुझ्या शब्दाबाहेर नसलेला,

टिल्लू


दि. १४ एप्रिल

टिल्लूस आशीर्वाद.

तुझा रिपोर्ट आला. जानेवारीत होती त्यापेक्षा चरबी जास्त. डॉक्टरांनी चिमीला दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली. तिला वाटलं, ते अदलाबदल करून दाखवताहेत. त्यांनी तुझं नाव यादीतून काढलं नाही एवढंच, पण या भावावर अवलंबून राहू नका, असं स्पष्ट सांगितलं. मला पोटाचं पाणी काढायला आता दर आठवड्याला जावं लागतं. जाताना रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचत जाते, पुन्हा दिसेल न दिसेल म्हणून.

टिल्लू, मी मूर्ख नाही. असलं पथ्य करून चरबी वाढत नाही. तेल नाही, तूप नाही, अंडं नाही, मग ती आली कुठून? वाऱ्यावर? लिव्हर कशाने सुजतं ते आपण दोघांनी एका खोलीत बसून बघितलं आहे. तू लहान होतास, पण इतका लहान नव्हतास. बाबाही शपथा घ्यायचे. बाबाही म्हणायचे की गुंगी कामामुळे येते आणि मान आपोआप पडते. तुझं मार्चचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं, त्यात तेच शब्द आहेत.

कधीपासून पितोस ते मी विचारत नाही. तुझ्या बायकोला माहीत असणार, म्हणून तर ती इतकी घाईने साखरेवर ढकलत होती. नवऱ्यावर पांघरूण घालायला आईसुद्धा अशीच काहीतरी शोधून काढायची.

चिमीलाही मी सांगितलं. ती मामा मामा करत तुझी बाजू घेत होती, तेव्हा मला राहवलं नाही. आधी ती रडली, मग उठून गाडीची किल्ली घेऊन कामावर गेली. बापाने आईला मारलं, तू मला मारतो आहेस, फरक एवढाच की त्याला माझ्याकडून काही मिळालेलं नव्हतं.

ताई


दि. १९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी पीत नाही. कधीच प्यायलो नाही. बाबांच्या उशाशी तू मला हात धरून बसवलं होतंस, त्यानंतर मला तो वाससुद्धा सहन होत नाही.

चुकलं असेल तर माझंच काहीतरी चुकलं असेल. एकदा दुकानात कुणाच्या तरी बढतीचं म्हणून समोसे वाटले, त्यातला अर्धा मी खाल्ला होता. तेवढाच. पुन्हा खाणार नाही. रस कमी पडत असेल तर वाढवतो. ग्लुकोज किती घ्यायचं ते सांग.

तू मला काही बोल, पण चिमीला सांगायला नको होतंस.

टिल्लू


दि. २० एप्रिल

वन्संस नमस्कार.

यांनी काल तुम्हाला लिहिलेलं पत्र टाकायला माझ्याकडे दिलं. मी ते वाचलं. नवऱ्याचं पत्र उघडून वाचणारी बाई, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. चुलीत घालावं असं वाटलं होतं, पण पाठवते आहे, म्हणजे तुम्हाला कळेल की तुम्ही कुणाला दारुडा म्हणालात. तुम्ही त्यांच्या तोंडावर थुंकलात आणि ते तुम्हाला विचारताहेत की ग्लुकोज किती घेऊ!

त्यांनी तीन महिने तुमच्या पत्रातला शब्दन् शब्द खाल्ला आहे. बाकी काही खाल्लं नाही, त्या अर्ध्या समोशाशिवाय, आणि त्यासाठीही ते रात्रभर तळमळले होते. ही चरबी तुमच्या मधाची आहे, तुमच्या रसाची आहे. मी फेब्रुवारीत लिहिलं होतं, तुम्ही मला पाण्याचं लोणी म्हणून हसलात. परवा मी रजा टाकून त्या आहारवाल्या बाईंना फोन केला आणि तुमच्या मुलींचं विचारलं. त्या म्हणाल्या, त्या मुलींना साथीची कावीळ होती, ती बहुतेकांची आपोआप उतरते. त्या उपाशी, कृश पोरी होत्या, त्यांना भात आणि साखर चालून गेली, त्यांना भूकच नव्हती. हे दिवसभर स्टुलावर बसणारे, पोट सुटलेले गृहस्थ आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला घातलंत तुम्ही. त्या असंही म्हणाल्या की अजून वेळ गेलेली नाही, साखर आणि भात थांबवला तर लिव्हरवरची चरबी काही आठवड्यांतच उतरायला लागते.

पण माझ्या सांगण्याने ते ताट बाजूला करणार नाहीत. मी सगळं करून पाहिलं. भांडले, रडले, एक दिवस भातच केला नाही, तर ते पाव आणून खात बसले. तुमच्याशिवाय त्यांचं पथ्य कुणी मोडू शकत नाही. म्हणून मी तुमच्या पाया पडते. मला काय वाटेल ते म्हणा, जन्मभर बोलू नका, पण चार ओळी लिहा की हे बंद कर. यात माझा काही फायदा नाही. त्यांचं पोट चिरलं जाईल तेव्हा बाहेरच्या बाकावर मीच बसलेली असेन.

लवकर लिहा. वन्सं, खरंच लवकर लिहा.

तुमची वहिनी


दि. १८ मे

सौ. वहिनीस आशीर्वाद.

पत्र मिळून महिना होत आला. आधी रागाने लिहिलं नाही, मग हात चालेना म्हणून. राग किती दिवस आणि हात किती दिवस, याचा हिशेब मागू नकोस.

गेल्या आठवड्यात पाणी काढायला नेलं तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. भाऊ काय काय खात होता ते सगळं सांगितलं. ते हातातलं काम थांबवून माझ्याकडे वळले. हे कुणी सांगितलं म्हणाले. मी म्हटलं, एका स्वयंपाकीण बाईने. मग त्यांनी जे सांगितलं ते तू लिहिलंस तेच होतं, फक्त तू रागाने लिहिलंस आणि ते हळू आवाजात बोलले. हळू आवाजाचा जास्त त्रास झाला.

खालची ओळ त्याला दाखव. टिल्लू, माझं पथ्य आजपासून बंद. रस, मध, ग्लुकोज, भात, टोस्ट, सगळं. बायको वाढेल ते खा, तिच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस. फळीवरचं पत्र फाडून टाक.

अंडं रोज चालतं का, ते त्या मुलीला विचारून घे. फार उकडू नका, कडेला हिरवट होतं.

ताई


दि. १२ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

एक चांगली बातमी आहे. काल स्कॅन झाला. दोन महिन्यांत चरबी उतरली! इतकी उतरली की इथल्या डॉक्टरांनी नाव पुन्हा तपासून बघितलं, दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट तर नाही ना म्हणून. तिकडे पाठवला आहे. मी आता देऊ शकतो, असं ते स्पष्ट म्हणाले. ताई, ऐकलंस ना? मी देऊ शकतो.

पहिले काही दिवस गोडासाठी जीव गेला. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, हिच्यावर विनाकारण ओरडलो. मग एक दिवस दुपारी लक्षात आलं की जेवून तास झाले तरी झोप आली नाही. हिने भाज्या, डाळ, अंडी, मासे, दही, असं काय काय करून घातलं. संध्याकाळी दोघं नदीच्या पुलापर्यंत चालत जातो आणि परत येतो. बऱ्याच वर्षांनी आम्ही एकत्र चाललो. तिला पुलावर उभं राहून गाड्या बघायला आवडतं, हे मला माहीतच नव्हतं. पॅन्टच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

तुझ्यावर माझा राग नाही. तू जे केलंस ते मला वाचवायला आणि स्वतः वाचायला केलंस. आता त्यावर एक अक्षर बोलायचं नाही. फक्त चिमीला एकदा नीट सांग, तिने तेव्हापासून माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाही. तिचा माझ्यावर विश्वास नसेल तर मला तिच्यासमोर त्या टेबलावर जाऊन पडायला कसंतरी वाटेल.

तिकडच्या डॉक्टरांचा होकार आला की त्याच दिवशी निघतो. ही पण येते आहे. तिने तुझ्यासाठी मऊ सुती झगे शिवले आहेत, ऑपरेशननंतर पुढून बांधायचे. तुझं भांडण तिने पोटात घातलं, तूही घाल.

लवकरच तुझ्या उंबऱ्यात येणारा,

टिल्लू


दि. २६ जुलै

ती. मामांस स. न. वि. वि.

मामीचे दोनदा फोन येऊन गेले, मी घेतले नाहीत, म्हणून लिहिते आहे. आई मंगळवारी पहाटे गेली. पोटातल्या पाण्यात जंतू झाले आणि ते रक्तात पसरले. महिन्याच्या सुरुवातीलाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता कुणीही लिव्हर दिलं तरी ऑपरेशन करता येणार नाही, ती ते सोसू शकणार नाही. तुमचा रिपोर्ट हॉस्पिटलात आला तेव्हा तिथल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. सांगताना त्यांचेच डोळे भरून आले. माझे नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा आई शुद्धीवर नव्हती. काल मी ते उघडलं. दोन महिन्यांत लिव्हर स्वच्छ झालं, असं तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे मनावर घेतलं की दोन महिने पुरतात. आजोबांना ज्यांनी तपासलं होतं तेही आजीला हेच सांगायचे, बाटली सोडा, लिव्हर बरंच सावरतं. आजोबांनी सोडली नाही. तुम्ही सोडलीत, याबद्दल तुमचं अभिनंदन करायला हवं. फक्त तुम्ही ती जानेवारीत सोडली असती तर आई आज भांडायला असती.

शेवटच्या दिवसांत शुद्ध आली की ती एकच घोकायची. मामा पीत नाही, तिनेच त्याला चुकीचं खायला घातलं, भात आणि रस देऊन तिनेच त्याचं लिव्हर बिघडवलं. माझा हात घट्ट धरून पुन्हा पुन्हा म्हणायची आणि मी मान डोलावली की तेवढ्यापुरती शांत व्हायची. मी दर वेळी मान डोलावली. भात खाऊन आणि फळांचा रस पिऊन कुणाचं लिव्हर जातं का, मामा? वसतिगृहात मुलींच्या हातून दूध सांडलं तरी ती स्वतःच्या नावावर घ्यायची आणि बोलणी खायची. तुमचंही तसंच घेऊन गेली.

मामीला यायचं असेल तर तिने यावं. तुम्ही येऊ नका. आईच्या वस्तू मी आवरल्या आहेत, त्यात तुम्हाला देण्यासारखं काही नाही. तुम्हाला लहानपणापासून अरे-तुरे करत आले, ते मात्र आता माझ्याच्याने होणार नाही.

पत्र पोचल्याचं कळवू नये.

आपली भाची